आत्या कशी लॉक झाली: सिनेमात रोल कसे ठरतात आणि ऑडिशन कशी द्यायची

आठ वर्षं कास्टिंगमध्ये असिस्टंट आहे, त्यातली पहिली दोन तर नुसती कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून क्यू देण्यात गेली. म्हणजे समोरचा ऑडिशन देणार आणि मी त्याची आई, बायको, इन्स्पेक्टर, दूधवाला, जे लागेल ते कागदावरून वाचणार. त्यामुळे ओळखीतल्या प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला, "अगं ऑडिशन तर एकदम भारी झालेली, सर पण खूश होते, मग फोन का नाही आला?" तर एकदाच नीट लिहून टाकते. एका आत्याची गोष्ट सांगते, त्यातच सगळं येतं.

मराठी पिक्चर होता, नाव सोडा. हिरोच्या आत्याचा रोल, चार सीन, सहा दिवसांचं शूट, वाईला. स्क्रिप्ट आली की आधी तिचा ब्रेकडाउन काढतात, कुठलं कॅरेक्टर किती सीनमध्ये, कुणासोबत, दिवस किती, आणि मग डायरेक्टर एकेकाचा ब्रीफ सांगतो. आत्याचा ब्रीफ दोन ओळींचा होता: वय ४५ ते ५२, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, फार बोलत नाही पण बोलली की अख्खं घर गप्प बसतं. आधी आम्ही आमच्याच डोक्यातली नावं काढली, नाटकात बघितलेली, जुन्या ऑडिशनच्या हार्ड डिस्कमधली, त्यातली निम्मी डायरेक्टरने उडवली कारण काय तर "हिला लोकांनी रोज रात्री साडेआठला सासू म्हणून बघितलंय". मग ब्रीफ कास्टिंगच्या ग्रुपवर टाकला आणि चार दिवसात ४३ टेप आल्या, म्हणजे घरीच फोनवर शूट करून पाठवलेल्या ऑडिशन.

४३ च्या ११ झाल्या, ११ च्या चार, आणि या चौघींना ऑफिसात बोलावलं. आता पुढचं नीट वाचा. चौघींमध्ये सगळ्यात भारी जी होती, तिचा सीन चालू असताना आमचा कॅमेऱ्यावरचा पोरगा, जो कशानेच हलत नाही, तो कट म्हटल्यावर तडक बाहेर जाऊन उभा राहिला. तिला रोल मिळाला नाही. कारण हिरोचा बाप महिनाभर आधीच लॉक झालेला, म्हणजे त्या रोलचा माणूस पक्का ठरलेला, सहा फुटी, घाऱ्या डोळ्यांचा, लांब नाकाचा माणूस, आणि ही पाच फूट, गोल चेहऱ्याची, दोघं सख्खी भावंडं म्हणून झोपाळ्यावर शेजारी बसवली असती तर थेटरात पहिल्या मिनिटालाच कुणीतरी कुजबुजलं असतं. आणि आत्यासाठी बाप काही बदलता येत नाही. दुसरी बाई छान होती पण तिची डेली सोप चालू, आमच्या सहा दिवसातले तीन तिथल्या महाएपिसोडात अडकलेले. तिसरीचं तर काय सांगू, चेहरा जुळला, डेट्स जुळल्या, पैसे पण जुळले आणि मग हिरोच्या मॅनेजरला आठवलं की दुसऱ्या एका न आलेल्या पिक्चरमध्ये ती त्याच हिरोची आई आहे. राहिली चौथी. साताऱ्याची, बँकेत नोकरी, राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं कामं केलेली. लुक टेस्टला मेकअप दादांनी कपाळावर एक पांढरी बट सोडली, तिला बापाशेजारी बसवलं, डायरेक्टरने मोबाईलवर फोटो काढून प्रोड्युसरला पाठवला, तिकडून अंगठा आला, झाली लॉक. नाकावर गेली म्हणा ना. काम चांगलंच करायची, पण तिघी आधी गळल्या त्यात कामाचा काही संबंध नव्हता.

आणि ती पहिली बाई? तिची टेप मी ठेवून दिली होती. सव्वा वर्षाने एका वेब सिरीजला ती काढून दाखवली, तिथे तिला आठ एपिसोडचा रोल मिळाला. यासाठी तिने परत ऑडिशन पण दिली नाही.

म्हणून फोन आला नाही की लगेच आपल्या ॲक्टिंगवर जाऊ नका. ऑडिशन घेणारा एकटा काही ठरवत नसतो, आम्ही फक्त पर्याय समोर ठेवतो, शेवटचा शब्द डायरेक्टरचा, मोठ्या रोलला प्रोड्युसरचा आणि ओटीटी असेल तर प्लॅटफॉर्मचा पण. तुमच्या हातात काय आहे तर आमच्या अकरात येणं. आणि खरं सांगू का, ४३ च्या ११ होताना जे बाद झाले त्यातले बरेच जण कामामुळे नाही, टेपमुळे बाद झाले. त्यावरच जास्त लिहिते.

सेल्फ टेप

फोन आडवा. एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी चालेल. रील उभं असतं म्हणून ऑडिशन पण उभी पाठवतात, अरे पिक्चर आडवा असतो ना. ब्रीफमध्ये उभी मागितली असेल तरच उभी. फोन डोळ्यांच्या उंचीवर, ट्रायपॉड नसेल तर कपाटावर डब्यांची उतरंड लावा, पण कुणाच्या हातात देऊ नका, हात हलतो आणि तो माणूस मध्येच हसतो. फ्रेम छाती-कंबरेपासून वर. मागे साधी भिंत, देवघर नको, लटकणारे कपडे नकोत, बर्थडेचे फुगे नकोत (हो, आलेत). खिडकी तुमच्या समोर पाहिजे, पाठीमागे असली की तुमची नुसती सावली दिसते. पंखा बंद, आणि घरात सांगून ठेवा की दहा मिनिटं कुकर लावू नका.

आवाज हा सगळ्यात मोठा घोळ. क्यू देणारी व्यक्ती फोनच्या मागे उभी असते म्हणजे माइकच्या जवळ, तुम्ही लांब, मग होतं काय की तुमच्या भावाचा आवाज दणदणीत आणि तुमचा विहिरीतून आल्यासारखा. भावाला हळू बोलायला सांगा, आणि हो, त्याला ॲक्टिंग करू देऊ नका. मी दोन वर्षं सपाट वाचलं ते काही मला येत नाही म्हणून नाही, क्यू देणाऱ्याने जीव ओतला की बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. नजर लेन्सच्या किंचित बाजूला, जिथे भाऊ उभा आहे तिथे. लेन्समध्ये बघून फक्त इंट्रो द्यायचा.

इंट्रोमध्ये नाव, उंची, राहता कुठे, भाषा आणि बोली कुठल्या येतात, सध्या काय चालू आहे, दिलेल्या तारखांना मोकळे आहात का. मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, एकदा पायापासून डोक्यापर्यंत पूर्ण. जाहिरातीसाठी असेल तर हात पुढून मागून दाखवतात. यात "लहानपणापासून मला अभिनयाची आवड" वगैरे नको, आवड आहे म्हणूनच तर पाठवताय. वय विचारलं तर खरं सांगा पण त्यासोबत कुठल्या वयाचं दिसू शकता ते पण सांगा, ते जास्त कामाचं असतं. १९८२ च्या 'गांधी' सिनेमात आपल्या रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा केल्या तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या आणि तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतच्या कस्तुरबा त्यांनीच केल्या, बाफ्टा पण मिळालं. तेव्हा वय हा आकडा तसा लवचिक असतो, पण ते आम्हाला ठरवू द्या, तुम्ही ४८ चे ३८ करून पाठवलं की लुक टेस्टला सगळ्यांचीच पंचाईत होते.

सीन करताना दोन टेक पाठवा, जास्तीत जास्त. दोन्ही सारखे असतील तर एकच पाठवा. दुसरा खरंच वेगळा पाहिजे, म्हणजे आत्या पहिल्यात चिडून बोलत असेल तर दुसऱ्यात तेच वाक्य भाजी निवडता निवडता, वर न बघता. त्या साताऱ्याच्या बाईंनी अगदी हेच केलं होतं. "दादा, घर तुझं आहे, मला माहितीये" असं वाक्य होतं, ४३ पैकी तीसेक जणींनी त्यावर डोळ्यात पाणी आणलं, यांनी शेंगदाण्याची टरफलं काढता काढता ते म्हटलं आणि एक दाणा खाल्ला. बस. आम्ही तिथे टेप थांबवून परत मागे नेली. आता लगेच सगळ्यांनी शेंगदाणे घेऊन बसू नका प्लीज.

कपडे रोलच्या जवळ जाणारे पण वेषांतर नको. शेतकऱ्याचा रोल आहे म्हणून भाड्याचं धोतर-फेटा-नांगर आणलेला एक जण मी बघितलाय, त्यात तो स्वतः कुठे दिसेना. बारीक चौकडी आणि बारीक रेघा कॅमेऱ्यात लुकलुकतात, साधा एकरंगी कपडा घाला. ब्युटी फिल्टर, बॅकग्राउंड म्युझिक, नाव घुमत येणारं टायटल, काहीही नको.

आणि पाठवताना! गुगल ड्राइव्हची लिंक पाठवायची तर ॲक्सेस ओपन ठेवा, आम्ही रात्री अकराला टेप बघायला बसतो तेव्हा रिक्वेस्ट ॲक्सेसचं पान आलं की पुढच्या टेपवर जातो, वाईट वाटतं पण जातो. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो पिळून चिंध्या करून पाठवतो. फाइलला नाव द्या, स्वतःचं आणि रोलचं. फायनल_फायनल_२ या नावाच्या माझ्याकडे किती फाइली आहेत ते विचारू नका. ऑडिशनचा सीन स्टेटसला लावू नका, बऱ्याचदा तो खोटा, फक्त ऑडिशनपुरता लिहिलेला असतो, तरी नको.

फोटो आणि प्रोफाइल

पोर्टफोलिओवर हजारो रुपये घालवू नका. गॉगल, लेदर जॅकेट, पावसात भिजलेला शर्ट, हे सगळं बघून कळत काहीच नाही. तीन-चार फोटो, दिवसाच्या उजेडात, मेकअप नसल्यात जमा, एक क्लोजअप, एक पूर्ण, एक हसताना, आणि आत्ताचे. दाढी वाढवली तर नवे काढा. प्रोफाइलमध्ये जे येतं तेच लिहा. "पोहता येतं" असं लिहिलेल्या एका मुलाला आम्ही कृष्णेच्या घाटावर घेऊन गेलो, युनिट लावलं, लाइट निघून चाललेला आणि तो पायरीवर बसून हळूच मला म्हणतो, "ताई, म्हणजे टँकमध्ये येतं." शेवटी स्पॉटबॉयने उडी मारली त्याचे कपडे घालून, पाठमोरा. घोडा, बुलेट, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, हलगी, ढोलकी, जे खरंच येतं ते मात्र न लाजता लिहा, बोलीवर रोल मिळतात, आणि खोटी बोली गावातल्या माणसाला दुसऱ्या शब्दाला कळते.

प्रत्यक्ष ऑडिशन

मुंबईत वर्सोव्याचं आराम नगर म्हणजे या धंद्याची पंढरी, जुन्या बैठ्या घरांमध्ये ओळीने कास्टिंगची आणि प्रॉडक्शनची ऑफिसं. तिथे दारातच एक मुलगा उभा असतो, तुमच्याकडे तीन सेकंद बघतो आणि म्हणतो "नॉट फिट". पहिल्या वेळी हे कानाखाली मारल्यासारखं लागतं. पण त्याला आत सांगितलेलं असतं की सरदारजी पाहिजे किंवा चाळिशीचा टकला पाहिजे, तुम्ही पंचविशीचे आणि डोक्यावर रान, तर तो काय करणार. थँक्यू म्हणा आणि पुढच्या दारात जा. त्याच्याशी वाद घालणारा मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो.

आत गेलात की नंबर येईपर्यंत दोन-तीन तास जाऊ शकतात, डबा न्या. खोलीत डायरेक्टर बहुतेक नसतोच, आमच्यासारखी दोन पोरं, एक कॅमेरा, एक लाइट आणि आवाज करणारा एसी. पाया पडू नका. टेक चुकला तर तोंड वेडंवाकडं न करता "परत घेते" म्हणा. आणि कुणी "आता हेच जरा हसत करा" सांगितलं तर ते तुमचं चुकलं म्हणून नसतं, तुम्ही सांगितलेलं ऐकता का, बदलता का, ते बघायचं असतं, कारण सेटवर डायरेक्टर दिवसभर हेच करणार आहे. पाठ करून आलेलं एकच एक ठोकणारे इथे गळतात, आणि सांगायला नको पण एकांकिकावाले यात जास्त, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते ना, कॅमेरा मात्र तीन फुटांवर असतो.

तरी एकांकिका सोडू नका हां. आम्ही नवे चेहरे तिथेच शोधतो. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक चालू असतो (१९६३ पासून चालू आहे ही स्पर्धा) तेव्हा मागच्या रांगांमध्ये कास्टिंगवाले वही घेऊन बसलेले असतात, आणि वहीत हिरोपेक्षा बाजूला उभं राहून नीट ऐकणाऱ्या पोराचं नाव जास्त वेळा येतं. मुंबईला जाऊन खोली घेऊन राहण्याआधी आपल्या गावात, आपल्या जिल्ह्यात जे चालू आहे त्यात उभं राहा असं माझं मत आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी खुशाल जावं.

कधीकधी तर ॲक्टर नकोच असतो. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, 'सैराट'मधली आर्ची म्हणजे अकलूजची रिंकू राजगुरू, दोघंही शाळकरी, आणि दोघांचंही काम राष्ट्रीय पुरस्कारात गाजलं. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये शाहीर नारायण कांबळे केले ते वीरा साथीदार, नागपूरचे कार्यकर्ते, आणि त्यांच्यासमोर सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, मुरलेली नाटकातली नटी. दोन्ही एका फ्रेममध्ये चालतात, डायरेक्टरला काय पाहिजे त्यावर आहे. अशा शोधात आम्ही शाळा, जत्रा, तालमी, बाजार फिरतो आणि लोकांशी गप्पा मारतो, ऑडिशन हा शब्दसुद्धा काढत नाही, काढला की माणूस ताठ होतो.

फसवणूक

हे ओरडून सांगते. रोल द्यायला पैसे घेत नाहीत. रजिस्ट्रेशन फी, आर्टिस्ट कार्ड, वर्कशॉप केलं तरच ऑडिशन, कॉस्च्युमचं डिपॉझिट, "सर मुंबईहून आलेत, आजच भरा", हे सगळं बंडल. काम दिल्यावर त्या कामाच्या पैशातून कोऑर्डिनेटर (काम मिळवून देणारा मधला माणूस) कमिशन कापतो ते वेगळं, ते पण किती ते आधी विचारायचं. मी कॉलेजात असताना स्वतः एका हॉटेलच्या हॉलमध्ये दीड हजार भरून "सिलेक्ट" झालेले, आमच्या बॅचचे सगळेच सिलेक्ट झालेले, पुढच्या सोमवारी त्यांचा फोन बंद. त्यामुळे हसत नाही कुणाला.

ऑडिशन हॉटेलच्या रूमवर, रात्री, एकट्याने या, असं असेल तर जायचं नाही, विषय संपला. कुणाला तरी सोबत न्या, पत्ता घरी पाठवा. ऑडिशनमध्ये कपडे काढायला किंवा किसिंगचा सीन करायला सांगितलं तर नाही म्हणा आणि उठा. ऑफिसचं नाव मोठं दिसलं तरी, कारण मोठ्या नावाने फेक आयडी काढणारे खूप आहेत, ज्या प्रोजेक्टचं नाव सांगतात त्याच्या खऱ्या कास्टिंगच्या पेजवर एकदा विचारून घ्या, उत्तर देतात.

लहान मुलांचं थोडक्यात, कारण आईबाबांना माहितीच नसतं. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. प्रोड्युसरला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते आणि मुलाच्या कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने एफडीत टाकावे लागतात. २०१७ पासून नियमात लिहिलेलं आहे. परवानगी दाखवा म्हटल्यावर प्रॉडक्शनवाला चिडला तर तिथेच काय ते समजा.

फोन आला तर

आधी "डेट्स ब्लॉक करा" येतं, म्हणजे त्या तारखा आमच्यासाठी मोकळ्या ठेवा. हे म्हणजे लॉक नव्हे. यात तुम्ही आणि अजून एक-दोघं असू शकतात, तेव्हा पेढे वाटू नका, नोकरी तर अजिबात सोडू नका. ब्लॉक केलेल्या तारखांना दुसरं काम आलं तर गुपचूप घेऊ नका, आम्हाला फोन करून विचारा की तिथे हो म्हणू का, मग आमच्याकडून पण हो-नाही लवकर निघतं. आणि काहीच कळलं नाही तर आठवड्याने एक मेसेज, "नमस्कार, मी अमुक, आत्याच्या रोलसाठी तमुक तारखेला ऑडिशन दिलेली, काही अपडेट असेल तर कळवा." एवढाच. रोज गुड मॉर्निंगची फुलं पाठवणाऱ्यांना मी म्यूट करते, सगळेच करतात.

लॉक झालात की लाजू नका, सगळं लेखी मागा, मेलवर तरी. पर डे म्हणजे दिवसाचे पैसे किती आणि दिवस किती, शिफ्ट किती तासांची, बाहेरगावी राहणं, जेवण, प्रवास कुणाचा, पैसे कधी. टीव्हीत तर काम केल्यावर नव्वद दिवसांनी पेमेंट येतं हे धरूनच चला, तोपर्यंत घरभाड्याची सोय पाहिजे. शूट पुढे ढकललं तर काय, हे पण विचारा, आमच्या आत्याबाईंनी विचारलं नव्हतं, पावसाने तीन दिवस गेले आणि त्यांची बँकेतली रजा संपली, मग शेवटचा सीन रविवारी एका दिवसात उरकला. आणि एक राहतंच सगळ्यांचं, डबिंग. चार महिन्यांनी स्टुडिओत बोलावतात, दिवसभर जातो, त्याचे पैसे यातच धरलेत का वेगळे ते सही करायच्या आधी विचारून घ्या. साताऱ्याहून यायचं-जायचं भाडं पण.